मोलेराचा लूप पूर्ण, आणि हातावर उतलेला बिब्बा

झाला मंडळी, अँड्र्यू मोलेराचा अख्खा लूप झाला! तिसऱ्या खेपेला का होईना, पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानं जाणाऱ्या हायवे वनवरच्या सात पार्कांच्या आपल्या यादीतलं हे चौथं पार्क पायाखालून गेलं. ही नोंद तीन आठवड्यांपूर्वीच टाकायची होती, पण उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या आणि टाइप करवत नव्हतं. आजची बहुतेक नोंद त्या पट्ट्यांचीच आहे.

आधी लूप. मागच्या दोन्ही वेळी बिग सर नदीनं काठावरूनच परत पाठवलं होतं, हे तुम्ही वाचलंच आहे. तिथला छोटा पूल उन्हाळ्यापुरता टाकतात आणि पावसाचे दिवस आले की काढून ठेवतात. मग नदीत उतरण्याशिवाय गत्यंतर नसतं. या वेळी आधीचे दहा-बारा दिवस कोरडे गेले होते. सनीव्हेलहून पहाटे पाचला निघालो, कार्मेल मागे टाकून एकवीस-बावीस मैल खाली आलो आणि काठीनं पाणी मापलं तर गुडघ्याच्याही खाली! बूट गळ्यात, पायांत जुने सँडल, सॅकचा कमरपट्टा सोडलेला. पाणी असं गार की पलीकडे पोचेपर्यंत पावलं बधिर झाली होती.

पुढे क्रीमरी मेडो आणि मग रिज ट्रेलची चढण. सह्याद्रीत एखादी लांब सोंड धरून माथा गाठावा तशीच ही वाट आहे, फक्त इथे घसाऱ्याचा त्रास नाही. माथ्याजवळ रेडवुडची राई लागते, तिथे डबा खाल्ला. पॅनोरमा ट्रेलनं समुद्राकडे उतरताना मैत्रीण एकदम थांबली. डोक्यावर कॉन्डोर होता, इथलं भलंमोठं गिधाड. एक नाही, दोन! साडेनऊ फुटांचा पंखविस्तार म्हणजे काय हे वाचून कळत नाही. पंख न हलवता तो आमच्यावरून सरकत गेला आणि त्याची सावली अंगावरून गेली. पंखावरची क्रमांकाची पट्टी दिसली, आकडा वाचता आला नाही. १९८७ मध्ये उरलेसुरले सगळे पकडून पिंजऱ्यात ठेवले होते, जंगलात एकही कॉन्डोर नव्हता. या बिग सर भागात ते परत सोडायला लागले १९९७ पासून. हे माहीत असताना वर पाहिलं की घसा दाटून येतो. तिथून ब्लफ्स ट्रेल, उत्तरेला पॉइंट सरचा दीपगृहाचा खडक, आणि परत नदी. घड्याळानं साडेआठ मैल दाखवले.

आता मुख्य गोष्ट. पॅनोरमाच्या उतारावर एक पट्टा असा होता की दोन्ही बाजूंची झुडपं वाटेवर आलेली. पान एकही नाही, नुसत्या करड्या काटक्या, घोट्यापासून खांद्यापर्यंत. पॉइझन ओक (ज्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात ते झुडूप) असणार हा अंदाज होता, तीन पानं दिसली की लांब राहायचं हेही पाठ आहे, पण हिवाळ्यात पानंच नसतात आणि तेल मात्र काटक्यांतही तेवढंच असतं. घरी आल्याबरोबर टेक्नू (हे तेल काढायचं तयार द्रावण) लावून अंघोळ केली, कपडे गरम पाण्यात धुतले. (टेक्नूबद्दल माझं मत चांगलंच आहे, पण साधा भांड्यांचा साबण आणि खरखरीत फडकंही तेवढंच काम करतं. खरा गुण घासण्यात आहे.)

रविवारचा ट्रेक. मंगळवारी संध्याकाळी उजव्या तर्जनीच्या कडेला बारीक फोडांची रांग उठली, अंगठ्याच्या बेचक्यातही. मलम आणलं, आठवड्यात बसलं. पुढच्या रविवारी रँचो सॅन अँटोनियो पार्कच्या रुंद रस्त्यावर तासभर चालून आले, झुडपाला शिवलेसुद्धा नाही, आणि पुन्हा तीच बोटं. डॉक्टरांनी विचारलं, परत गेला होता का? नाही म्हटलं तर त्यांनी स्टेरॉइडचं मलम दिलं आणि सांगितलं की फोडांतल्या पाण्यानं हे पसरत नाही. तेल कुठेतरी शिल्लक आहे, ते शोधा.

शोधलं! गाडीचं स्टिअरिंग, सीटबेल्ट, सॅकचे पट्टे, पाण्याची नळी, फोनचं कव्हर, सगळं साबणानं पुसलं. सगळ्यात जास्त संशय काठ्यांच्या मुठींवर होता, म्हणून त्या फेकूनच दिल्या. त्यांचं मला दुःख नाही. फिरवून घट्ट करायचं कुलूप भरवशाचं नसतं हे आधीही लिहिलंय. या काठ्या नदीत मधोमध दोनदा आत सरकल्या. आता खटक्याच्या कुलपाच्याच घेणार.

तिसऱ्यांदा उठलं ते नुसतं वाण्याकडे जाऊन आल्यावर. तेव्हा खरंच रडू आलं. मैत्रीण त्याच वाटेनं माझ्या पुढे चालली होती, तिला एक फोड नाही. काही जणांना पॉइझन ओक बाधत नाही, ती त्यांतली असेल असं मी धरून चालले होते.

त्याच रात्री आईला व्हिडिओवर हात दाखवला. ती बघताक्षणी म्हणाली, "अगं, हा तर बिब्बा उतलाय तुला!" मी हसले, पण नंतर वाचलं तर आई अगदी बरोबर होती. बिब्बा, आंबा, काजू आणि पॉइझन ओक एकाच कुळातले. आंब्याचा चीक ओठाला लागून उततं, परीट कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायचे आणि ती धुऊन जायची नाही, त्याच जातीचं हे चिकट तेल आहे. आईनं खोबरेल लावायला सांगितलं. ते मात्र तेल धुऊन झाल्यावरच, कारण आधी लावलं तर तेलात तेल मिसळून पसरेल. आणि मग आईनंच विचारलं, "खूण लागलेला कपडा कुठला राहिलाय का धुवायचा?"

कपडे सगळे धुतले होते. पण शनिवारी मैत्रीण आली, दारात खाली बसून बूट काढायला लागली आणि मला तिचा तो ट्रेकचा दिवस आठवला. त्या दिवशी तिनं आधी गेटर (बुटांवर चढवायची आवरणं) काढले होते, घोट्यापासून लेसवरून खाली येणारे. मी गेटर घातलेच नव्हते.

लेस! काटक्या सगळ्यात जास्त घासल्या त्या बुटांच्या लेसवर. मी गाठ मारताना लेस उजव्या तर्जनीभोवती फिरवते आणि अंगठ्यानं दाबते. फोड नेमके तिथेच होते, तिन्ही वेळा. बूट मी बाहेरून पुसले होते, लेसकडे लक्षच गेलं नव्हतं.

व्हिनाइलचे हातमोजे घालून लेस ओढून काढल्या आणि पिशवीत बांधून टाकून दिल्या. बुटांची जीभ, लेसची भोकं, तळ, सगळं जुन्या टूथब्रशनं भांड्यांच्या साबणात तीनदा घासलं. आज दहावा दिवस. नवा फोड नाही!

आता पुढचं. खरं तर यादीत पुढचा नंबर गॅरापाटा पार्कचा होता, पण ते सगळं झुडपाळ रान, काटक्यांच्या दिवसांत मी तिथे जात नाही. मे महिन्यात पानं ओळखू येतील तेव्हा, तेही गेटर घालून. जानेवारीत फायफर फॉल्स हा धबधबा करू असं ठरवलं होतं. २००८ च्या वणव्यानंतर बंद पडलेली ती वाट २०२१ मध्ये नव्यानं बांधून उघडली, दरीवरचा सत्तर फुटांचा पूलही बघायचाय. पण वर दीपगृहाचं लिहिताना वाटलं, पॉइंट सरच का नको? तिथे मार्गदर्शकासोबतच जाता येतं, रस्ता रुंद, अंगाला झुडूप लागायचा प्रश्न नाही. १८८९ पासूनचा दिवा आहे. दोन्ही एकाच दिवशी बसतील का? सकाळी दीपगृह, दुपारी धबधबा, मध्ये जेमतेम काही मैलांचं अंतर. मैत्रिणीला आत्ताच मेसेज टाकला. ती म्हणतेय जोराचा पाऊस लागायच्या आत उरकू, आणि तिचं खरं आहे. २०१७ ला मड क्रीकची दरड आली तेव्हा तिथला रस्ता चौदा महिने बंद होता. म्हणून लाइमकिल्न पार्क यादीत शेवटीच राहील.

कमी उंचीच्या बुटांवर नीट बसणारे गेटर कुणी वापरत असेल तर जरूर सांगा. मैत्रिणीचे मला सैल होतात. बूट सकाळपासून बाल्कनीत उन्हात आहेत, नव्या लेस अजून ओवायच्या आहेत.