आमची वाटचाल : 14-43 पासून 13-71 पर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत 2009 साली भाड्याची शेड आणि एक जुना लेथ, एवढ्यावर सुरुवात केली. फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क, रसाच्या चरकांची चाकं, मिळेल ते. पुढे दाते पाडणारं हॉबिंग मशीन आलं आणि स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, हेच मुख्य काम झालं. पहिल्या दहा वर्षांत हप्ते फेडले, त्यापलीकडे सांगण्यासारखं फार नाही.

इलेक्ट्रिक गाडीचं खूळ शेडमध्ये आणलं ते डिप्लोमाच्या एका पोरानं. जुन्या 100 सीसी गाडीचं इंजिन उतरवून त्यानं 72 व्होल्टची, 3 किलोवॅटची मोटर बसवली होती. "काका, पुढचं स्प्रॉकेट तेवढं करून द्या की." मोटरला 14 दाते, मागे गाडीचं मूळ 43. मी ड्रॉइंग बघितलं, करून दिलं, पैसे घेतले. विचारलं काहीच नाही.

पंधरा दिवसांत पोरगं परत. हत्तरगीकडून येताना, मागे मित्र बसलेला, वंटमुरी घाटात कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट मोजून देणारा डबा, तापून बंद. दोघांनी गाडी ढकलत वर आणली. मोटरला अजून वॉर्निशचा जळका वास येत होता.

रात्री बसून गणित मांडलं. इंजिनाच्या गाडीत साखळीच्या आधी प्रायमरीत (इंजिन ते क्लच हा गिअरचा पहिला टप्पा) आणि गिअरबॉक्समध्ये फेरे कमी होऊन येतात. मोटर थेट साखळीला जोडली की ते दोन्ही टप्पे गेले, राहिलं फक्त 43 भागिले 14, म्हणजे 3.07. मोटरचे 3600 फेरे, चाकाचा घेर 1.9 मीटर : कागदावर वेग ताशी 133! एवढ्या मोटरला तो कधीच गाठायचा नाही. उलट गाडी-माणसं मिळून 250 किलो आणि 100 मीटरला 6 मीटर चढ धरला, तर चाक फिरवायला साधारण 55 न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) लागतो. मोटरच्या वाट्याला 18. ती सलग सोसते जेमतेम 8.

म्हणून 13-71 केलं, गुणोत्तर 5.46. वेग 75 वर आला, घाटातला भार 10 वर. भार उतरला की करंट उतरतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे आधीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पुढे 10 दाते घेऊन हेच गुणोत्तर लहान चकतीत बसलं असतं, पण एवढ्या कमी दात्यांवर साखळी हिसके देते आणि लवकर झिजते. 13 विषम आहे तेही बरं : साखळीच्या कड्या सम असतात, त्यामुळे तीच कडी दर फेरीला त्याच दात्यावर येत नाही. मागची चकती 8 मिमी प्लेटमधून कापून लेथवर सातच्या जरा वर आणली. व्यास जवळपास 29 सेंटिमीटर. आमचा टर्नर ती बघून म्हणाला, "अण्णा, हे भाकरीचा तवा आहे की ओ."

गाडी घाट चढली. त्यानंतर अशा कामांचा एक कोपराच झाला शेडमध्ये. रस्त्यावर फिरवायची तर मंजूर किट आणि आरसीत नोंद लागते, हे आता आधीच सांगतो. आणि प्रत्येकजण पहिला प्रश्न टॉप स्पीडचाच विचारतो.

सध्या एकजण चोर्ला घाटाच्या वाटेने गोव्याला जायचं म्हणून बसलाय. त्याला 6 च्या वर गुणोत्तर लागणार, म्हणजे मागची चकती आणखी मोठी, आणि ती बसवायला चेन कव्हर कापावं लागणार. कव्हर कापायला तो काही तयार नाही.