पीडीटीनंतर डोळा आधी बिघडला

माझ्या उजव्या डोळ्यातली रक्तवाहिन्यांची गाठ नेमकी नेत्रनाडीला चिकटलेली. कडेला असती तर साध्या लेसरने जाळता किंवा क्रायोने, म्हणजे अतिथंडीने, गोठवता आली असती. इथे तसं केलं तर गाठीबरोबर नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून पीडीटी, म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपी. शिरेतून व्हर्टेपोर्फिन सोडायचं आणि ते गाठीत पोचलं की ६८९ नॅनोमीटरचा लाल लेसर धरायचा. हा लेसर स्वतः भाजत नाही. त्याने औषध जागं होतं आणि वाहिन्या आतून बंद पडतात.

उंची-वजनावरून डोस ठरला. काळपट हिरवं औषध पंपावर १० मिनिटं चाललं. सिस्टरची नजर सुईवरून हटत नव्हती, कारण औषध शिरेबाहेर झिरपलं आणि त्यावर उजेड पडला तर कातडी होरपळते. मध्येच कंबर भरून आली. असं होऊ शकतं हे आधी कळलं होतं म्हणून बरं. लेसर मात्र जेमतेम ८३ सेकंद.

घरी येताना पूर्ण बाह्या, टोपी, गडद गॉगल. सनस्क्रीन कुचकामी, कारण या औषधाला साधा दिसणारा उजेडही चाळवतो. आईने तर खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या! पण अंधारात बसायचं नसतं. घरातल्या उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं. ऊन आणि हॅलोजन तेवढे टाळायचे.

खरा त्रास पुढेच. मधोमध करडा डाग आला, पेपरातल्या ओळी वाकायला लागल्या. ओसीटीत, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये, पडद्याखाली आधीपेक्षा जास्त पाणी! वाहिन्या बंद पडताना गळतात, कधी इतक्या की पडदाच उचलला जातो. आत रक्तस्राव होऊ शकतो, पडद्यावर पापुद्रा धरून तो ओढला जाऊ शकतो. संमतीपत्रात याची एक ओझरती ओळ होती, समोर बसवून कोणी सांगितलं नव्हतं. याचा राग अजून आहे.

डोळ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, त्याने प्रेशर वाढलं, मग त्याचे थेंब. पाणी ओसरायला काही आठवडे गेले. गाठ आक्रसली आहे, वाचता येतं, पण ओळीत थोडा बाक राहिलाच.

दरम्यान जनुक तपासणीत व्हीएचएल निघालं, म्हणजे अशा गाठी शरीरात ठिकठिकाणी होऊ शकणारा आनुवंशिक आजार. त्यामुळे मेंदू, मूत्रपिंडं यांवरही कायम लक्ष ठेवायचं आणि सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यायचं. धाकटा भाऊ अजून टाळाटाळ करतोय. आईला त्याच्यामागे लावलंय.