टीव्हीतल्या कोर्टात टाइप कोण करतं?

तालुक्याच्या कोर्टात लघुलेखक होतो. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेती पाहतो. त्यामुळे गावात कोणाच्या हातात समन्स पडलं की तो आधी माझ्या ओसरीवर येतो. प्रश्न ठरलेला, "काकाजी, टीव्हीत दाखवते तसंच असते काय कोर्टात?" त्याला पेशीची धास्ती असते, आणि कोर्ट त्यानं पाहिलेलं असतं ते रात्रीच्या मालिकेतच. नुसतं "नाही" म्हटलं तर त्याचं समाधान होत नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हातोडा आपल्याकडं नसतो. गीतेवर हात ठेवायला लावत नाहीत, 1969 च्या शपथ कायद्यातली शपथ तोंडानं घ्यायची असते. साहेब म्हणून हाक मारली तर कोणी रागावत नाही. या किरकोळ गोष्टी, त्यावर मी मालिकेशी भांडत नाही.

परवा सूनबाईनं लावलेला भाग मीही पूर्ण पाहिला. एका बिल्डरच्या बायकोचा खून, आरोपी तिचा भाऊ, आणि पिंजऱ्यात साक्षीला बिल्डरचा ड्रायव्हर. नायक वकील काळा कोट फडकवत त्याच्याभोवती फिरतो, एकामागून एक प्रश्न टाकतो, मध्येच गॅलरीकडं बघून बोलतो. सरकारी वकील हरकत घेतो, न्यायाधीश ती तिथल्या तिथं फेटाळतात. शेवटी ड्रायव्हर रडत ओरडतो, "हो, मीच मारलं!" संगीत वाजतं, आरोपीची आई हात जोडते. सूनबाईचे डोळे पाणावले. मी मात्र सगळा वेळ न्यायाधीशांच्या टेबलाखाली कोपऱ्यात बघत होतो. तिथं कोणी बसलेलंच नव्हतं. एवढी मोठी साक्ष झाली, पण लिहून कोण घेत होतं?

मालिकेतली खरी थाप ही आहे. आपल्याकडं साक्षीदार जे बोलतो ते जसंच्या तसं कागदावर येत नाही. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, साहेब, म्हणजे न्यायाधीश, दोन्ही मिळून एक वाक्य करतात आणि आम्हा लघुलेखकांना सांगतात. जबाब साधारणपणे निवेदनासारखा लिहायचा, असंच दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कायद्यांत आहे. त्यामुळे प्रश्न गळून पडतो. वकील पाच मिनिटं गर्जना करतो की तुम्ही त्या रात्री गावात नव्हतेच, खोटं बोलता, आरोपीशी तुमचं जुनं वैर आहे. साक्षीदार म्हणतो, "नाही जी." कागदावर येतं, "हे म्हणणे खरे नाही की, मी त्या रात्री गावात हजर नव्हतो. हे म्हणणे खरे नाही की, आरोपीशी वैर असल्याने मी खोटी साक्ष देत आहे." गर्जना टाइप होत नाही. अपील गेलं की जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपूर खंडपीठात हाच कागद वाचला जातो. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहायची मुभा साहेबांना आहे, पण असा शेरा मी फार थोड्या वेळा टाइप केला.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दाव्यातली एक बुढी मला पक्की आठवते. 2002 पासून दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची साक्ष, प्रतिज्ञापत्रावरच येते, साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तो उलटतपासाला, म्हणजे समोरच्या वकिलाच्या प्रश्नांना. प्रतिवादीच्या वकिलानं विचारलं, दोन शेतांमधला धुरा किती रुंद होता? तिनं दोन्ही हात पुढं करून दाखवलं, "एवढा." माझी बोटं कीबोर्डवर थांबली. "एवढा" टाइप करून नागपूरला कोणाला काय कळणार? एक वकील म्हणे दोन फूट, दुसरा म्हणे तीनच्या वर. साहेबांनी टेबलावरची फूटपट्टी शिपायाकडं दिली. बुढी हात तसेच धरून उभी, शिपाई पट्टी दोनदा लावून मोजतोय, आणि मागं पुकाऱ्याची वाट बघणारे लोक माना उंच करून बघतायत. कागदावर आलं, "साक्षीदार हाताने सुमारे अडीच फूट अंतर दाखवते." कोणत्याही मालिकेत मी इतका ताण पाहिला नाही.

मग तिला विचारलं, तुमच्या मालकानं कर्जापायी तो तुकडा आमच्या अशिलाच्या बापाला तोंडी देऊन टाकला होता, हे खरं ना? बुढी गप्प. साहेब थांबले, आम्ही थांबलो. शेवटी म्हणाली, "मेलेल्या माणसाले काऊन मधात आणता?" याचं निवेदन होईना. साहेबांनी हा भाग प्रश्नोत्तरात घ्यायला सांगितला. कायद्यात तशी सोय आहे. त्या जबाबात तेवढे दोनच शब्द दिसतात, "प्रश्न" आणि "उत्तर", आणि पुढं तिचं वाक्य तिच्याच बोलीत.

हरकतीचंही तसंच. दस्तऐवज पुराव्यात घेण्यावर हरकत आली की ती नोंदवायची, कागदाला तात्पुरता क्रमांक द्यायचा आणि निर्णय शेवटी निकालाच्या वेळी करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सांगितलं होतं, म्हणजे साक्ष अडून राहत नसे. (स्टॅम्प कमी असला तर मात्र ते तिथंच बघावं लागतं.) "हरकत फेटाळली" असं ओरडून सांगायचे प्रसंग मग उरायचे किती! 2021 मध्ये मात्र त्याच न्यायालयानं फौजदारी खटल्यांत ती 2001 ची पद्धत बंधनकारक मानू नये म्हटलं.

आता तो ड्रायव्हर. शेजारच्या गजाननरावांना वाटलं, त्याला तिथूनच जेलात नेलं. इतकं सोपं नाही. साक्षीदाराला उत्तर द्यायला भाग पाडलं असेल तर ते उत्तर त्याच्यावरच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, खोट्या साक्षीचा खटला तेवढा वगळून. कोर्टाला त्याला आरोपी म्हणून आणता येतं, त्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 319 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 358 आहे. पण मग त्याच्यापुरता खटला नव्यानं सुरू होतो, आधीचे साक्षीदार पुन्हा तपासावे लागतात. हे ऐकून गजाननराव चिडलेच, "म्हणजे पुन्हा सगळ्याइच्या पेशा?" हो. आणि तोवर निम्मे पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यावर सही केलेले साक्षीदार, फुटलेले असतात, आपलं आधीचं म्हणणं नाकारतात. "पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली" हे वाक्य तर माझ्या बोटांना पाठ आहे.

मालिकेत साक्षीदार डोळे पुसत निघून जातो. खऱ्या कोर्टात त्याला जाता येत नाही. जबाब त्याला वाचून दाखवायचा असतो, चूक असली तर ती सांगायचा हक्क त्याला असतो, मग सही किंवा अंगठा. बहुतेकांचं लक्ष तोवर घड्याळाकडं असतं. शेवटची एसटी सुटायची वेळ झालेली, घरी जनावरं बांधलेली. "ठीकच असंन साहेब" म्हणून सही ठोकतात. समन्स घेऊन येणाऱ्याला मी हेच पहिलं सांगतो, की हातोड्याची भीती बाळगू नको, पण वाचून दाखवतात तेव्हा बाहेर बघत उभा राहू नको.

त्या बुढीनं पूर्ण ऐकलं. वकिलानं बोलता बोलता पूर्वेचा धुरा म्हटलं होतं, तिनं मान हलवली होती, आणि कागदावर "पूर्वेकडील" आलं होतं. ते वाचताच तिनं हात वर केला. "उगवतीकडला नाई जी, मावळतीकडला." साहेबांनी तिला पुन्हा विचारलं, वाक्य दुरुस्त केलं आणि बाजूला सही केली. प्रतिवादीच्या वकिलांनी दुरुस्तीवर हरकत घेतली. तीही टाइप केली.