गावठी कोंबडा मातीच्या हंडीत: चौथी खेप

पहिल्या तीन खेपांना कोंबडा शिजला, पण मऊ झाला नाही. या रविवारी झाला, आणि कशामुळे झाला तेही लक्षात आलं, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

कोंबडा साफ करून सव्वा किलो भरला. विकणाऱ्या मावशींच्या म्हणण्याप्रमाणे आठ-नऊ महिन्यांचा. ब्रॉयलर साधारण दीड महिन्याचा असतानाच कापतात, त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. फिरून, उकरून वाढलेल्या कोंबड्याच्या तंगड्यांत मात्र शिरा आणि पडदे भरपूर, आणि वय वाढेल तसं त्यातलं कोलॅजेन (मांस बांधून ठेवणारं प्रथिन) चिवट होत जातं. त्याचं मऊ, गार झाल्यावर थिजणारं जिलेटिन व्हायला ७० अंशांच्या वरची उष्णता तर लागतेच, पण वेळही लागतो. मी तीनही वेळा आच वाढवून तो वेळ वाचवायला गेलो. रस्सा रटरटा उकळत राहिला, मांसाचे धागे आवळले, आतला रस पिळून निघाला आणि तंगड्या मऊ होण्याआधीच छातीच्या तुकड्यांचा भुसा झाला.

हंडी काळी, बिनझिलईची. रात्रभर पाण्यात बुडवून, मग तांदळाची पेज उकळून ती तयार केली होती. गॅसवर थेट ठेवत नाही, खाली जाड लोखंडी तवा असतो. तापलेल्या हंडीत गार पाणी कधीही ओतू नका; माझी आधीची हंडी दुसऱ्या खेपेला अशीच बुडाला तडकली.

रात्रीच हळद, मीठ आणि आलं-लसूण चोळून कोंबडा फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी तेलात तमालपत्र, मिरी, लवंग, दोन बारीक चिरलेले कांदे. मग फक्त तंगड्या, पाठ आणि मान. दहा मिनिटं परतून तुकडे जेमतेम बुडतील एवढं कढत पाणी घातलं. हे झालं सव्वाअकराला.

खरा फरक पडला तो झाकणामुळे. आई साताऱ्याकडे चुलीवर कोंबडं करायची तेव्हा पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायची. मला वाटायचं, रश्शात घालायला पाणी गरम होतंय, एवढंच. ते होतंच, पण त्या पाण्यामुळे ताटली वाफेपेक्षा गार राहते, खालची वाफ तिला लागून थेंबाथेंबाने परत भांड्यात पडते. फ्रान्समध्ये बिडाची अशी भांडी मिळतात ज्यांच्या झाकणाला बर्फ ठेवण्यासाठी खळगा असतो, तत्त्व तेच. या वेळी मी तसंच केलं. अडीच तासांत वरून जेमतेम दोन वाट्या पाणी घालावं लागलं, तेही ताटलीतलंच, कढत.

आच सगळ्यात लहान बर्नरवर, अगदी बारीक. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर रश्शात ८८ ते ९१ दाखवत होता. डोळ्यांनी ओळखायचं तर मधूनच एखादा बुडबुडा वर यायला हवा, सलग उकळी नको. माती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे गॅस कमी केल्यावर फरक दिसायला पाच-सात मिनिटं जातात. तेवढा धीर धरा, नाहीतर सारखी कळ फिरवत बसाल.

साडेबाराला छातीचे तुकडे घातले. सव्वा वाजता वाटण: भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, तीळ, थोडी खसखस, आणि वर दोन चमचे कांदा-लसूण मसाला. वाटण सुरुवातीलाच घातलं तर खोबरं बुडाशी बसून लागतं, तिसऱ्या खेपेचा करपट वास त्याचाच होता. पावणेदोनला गॅस बंद केला, पण झाकण वीस मिनिटं उघडलं नाही.

तंगडीचं मांस बोटाने दाबलं तर हाडावरून सरकलं, तरी तुकडा अखंड राहिला. नळीच्या टोकाची कूर्चासुद्धा मऊ. छाती आधीपेक्षा पुष्कळ बरी, पण अजून किंचित कोरडी वाटली. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवला होता. सोमवारी सकाळी वरची तर्री बाजूला केली तर खालचा रस्सा जेलीसारखा थरथरत होता. आधीच्या तीन खेपांत इतका कधी थिजला नव्हता.

पुढच्या वेळी छातीचे तुकडे आणखी वीस मिनिटं उशिरा, म्हणजे बारा पन्नासला, आणि बाजरीच्या भाकरीचं पीठ आधीच दळून आणायचं.