पहिल्या ठोक्याची नोंद

ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीच्या सायफनला (पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला) हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. तोच स्पर्श दहा-पंधरा वेळा झाला की कल्ला जेमतेम हलतो. या सवयीचं मूळ चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सायफनची संवेदी पेशी आणि कल्ल्याची प्रेरक पेशी यांच्यामधल्या सायनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यात, सापडलं. त्या दिवशी सवयीच्या प्रयोगासाठी हाच सायनॅप्स आमच्यासमोर होता, आणि पहिल्याच नोंदीत जवळजवळ मुका निघाला.

तयारीत काही चुकलं नव्हतं. मॅग्नेशियम क्लोराइड टोचून प्राणी शिथिल केला, उदरातला चेतागंड (चेतापेशींचा गठ्ठा) काढून सिलिकॉनच्या थरावर बारीक पिनांनी ताणून बसवला आणि आवरण सोललं. (आवरण मऊ करायला घातलेलं प्रोटिएज हे एन्झाइम जास्त वेळ राहिलं तर पेशी गळायला लागतात, घाईने कात्री चालवली तर फाटतात.) 'एल ७' या प्रेरक पेशीत एक इलेक्ट्रोड, संवेदी पेशीत दुसरा. एल ७ स्वतःच फायर होऊन मोजमाप बिघडवू नये म्हणून तिला उणे ८० मिलिव्होल्टवर धरलं होतं. तरी संवेदी पेशीला विजेचा ठोका दिल्यावर एल ७ चा प्रतिसाद दोन मिलिव्होल्टसुद्धा भरेना.

आधी इलेक्ट्रोडवर संशय घेतला. पण संवेदी पेशीचा स्पाइक (विद्युत-आवेग) पूर्ण उंचीचा होता आणि एल ७ चा रोधही ठीक होता. मग वहीत पाहिलं: एल ७ शी जोडलेली संवेदी पेशी शोधताना तिला दर दहा सेकंदांनी सहा ठोके दिले होते. सवय आम्हीच लावली होती! या सायनॅप्सवर सर्वांत मोठी घट पहिल्या काही ठोक्यांतच होते.

सायनॅप्स मेलाय की नुसता दबलाय, हे कळायला चेतागंडाभोवतीच्या द्रवात १० मायक्रोमोलर सेरोटोनिन हे चेतारसायन सोडलं. पाच मिनिटांनी त्याच एका ठोक्यावर प्रतिसाद कितीतरी पट उसळला. शेपटीला झटका बसल्यावर प्राण्याच्या शरीरातही सेरोटोनिनच सुटतं. ताज्या सायनॅप्समध्ये ते सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूच्या वाटेने पोटॅशियमचे मार्ग बंद करतं, स्पाइक रुंदावतो आणि कॅल्शियम जास्त आत येतं. दबलेल्या सायनॅप्सला तेवढं पुरत नाही; तिथे प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम लागतं आणि ट्रान्समीटरच्या (संदेश नेणाऱ्या रसायनाच्या) पुटिका पुन्हा सोडण्याजोग्या व्हाव्या लागतात. म्हणून ती उसळी पाहताना हायसं वाटलं: सायनॅप्स मेला नव्हता, नुसता दबला होता.

तो चेतागंड मात्र सवयीच्या प्रयोगासाठी बाद केला. आता शोधताना प्रत्येक संवेदी पेशीला एकच ठोका द्यायचा. तोच मोजायचा, कारण तेवढाच ताजा असतो.