आधी गंगावेशीतली म्हैस बघितली, मग मातीची केली

मध्यंतरी एका रविवारी संध्याकाळी मी लेकीला, भाच्याला आणि शेजारच्या दोन पोरांना घेऊन कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, म्हंजे जिथं गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दूध देतात तिथं गेले, नीट म्हैस बघायला. कारण लेकीच्या बालवाडीतनं परत चिठ्ठी आली होती, प्राण्याचा क्राफ्ट करून आणा. मागच्या वेळी पेंग्विन आणायचा होता तेव्हा रात्री अकरापर्यंत कात्री आणि फेविकॉल घेऊन मीच बसले होते, ती कधीच झोपली होती, आणि सकाळी तिनं तो पेंग्विन डबा उचलावा तसा उचलला आणि नेला. लई वाईट वाटलं मला. साडेचार वर्षांच्या पोरीचा गृहपाठ आणि तिचा एक हात पण लागलेला नाही त्याला.

म्हणून ह्या वेळी ठरवलं, जो प्राणी तिला जवळनं बघता येईल, हात लावता येईल तोच करायचा. आणि कोल्हापुरात राहून म्हैस नाही तर काय!

कट्ट्यावर गेलो तर गवळीमामा धार काढायच्या तयारीतच होते. म्हणाले, "ये की बाळा, लाव हात, काय करत नाही ती." लेकीनं आधी माझा ड्रेस घट्ट धरला मग हळूच एक बोट म्हशीच्या नाकाला लावलं आणि ओरडली, "आई, ओलं आहे!" मग मात्र थांबेचना, कान शिंगाच्या खाली असतात, शेपटीला शेवटी केसांचा गोंडा असतो, जीभ केवढी लांब असते, एकेक सापडत गेलं. मामांनी सड धुतले तेव्हा तिनं मोजले, एक दोन तीन चार, आणि अंगठा दुमडून चार बोटं मला दाखवली. भाचा सहा वर्षांचा आहे, तो वाकून वाकून म्हशीचं तोंड बघत होता, म्हणतो वरचे दातच नाहीत हिला. खरंच आहे ते, गाय-म्हशीला पुढचे वरचे दात नसतात, तिथं नुसती टणक हिरडी असते, खाली पुढं आठ दात असतात आणि वैरण ती जिभेनं ओढून घेते. मला पण हे तिथंच मामांकडनं कळलं.

सगळ्यात भारी म्हणजे शिंगं. तिथं दोन जातीच्या म्हशी शेजारी शेजारी होत्या, एक मुरा, तिची शिंगं जिलबीसारखी आत वळलेली, आणि दुसरी आपली पंढरपुरी, तिची लांबच लांब तलवारीसारखी खांद्याच्या मागं गेलेली. पोरांना "जाती" वगैरे काही सांगितलं नाही मी, त्यांनीच विचारलं ह्यांची शिंगं वेगळी का.

माती शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं आणली. कणकेसारखी मळून घ्यायची, खडे काढायचे, आणि पोरांना पोळपाटावर सापासारख्या वळ्या वळायला द्यायच्या, त्यानं बोटांना ताकद येते जी पुढं पेन्सिल धरायला लागते. एक गोष्ट मी चुकत चुकत शिकले ती सांगते, पायावर उभा प्राणी करायला जाऊ नका, ओल्या मातीचे पाय वजनानं बसतात आणि पोरगं रडतं. रवंथ करत बसलेली म्हैस करायची. शिंग चिकटवताना दोन्हीकडं काडीनं ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावायचा, नुसतं दाबून बसवलं तर सुकल्यावर गळून पडतं. आणि वाळवायचं सावलीत, उन्हात ठेवलं की वरनं भराभर सुकतं आणि तडे जातात.

भाच्याची मुरा झाली, बसलेली, जिलबीची शिंगं. लेक मात्र बसलेल्या म्हशीवर तयारच नाही, का तर तिचे सड दिसत नाहीत! शेवटी तिनं म्हशीला कुशीवर आडवी केली, पोटाला चार बारक्या गोळ्या लावल्या आणि शिंगं अंगापेक्षा लांब. मी मधे बोट घालणार होते, घातलं नाही. "मी करतो, तू बघ नुसतं" म्हणाली, कोल्हापूरच्या पोरी "करते" न म्हणता "करतो" म्हणतात तसंच.

शेजारचं धाकटं अडीच वर्षांचं आहे, त्याला माती नको, कणकेचा गोळा दिला, आणि इतक्या लहानांना डोळ्यांसाठी मणी, बटणं, मिरी असलं काही देऊ नका, तोंडात घालतात आणि घशात अडकतं. काडीनं टोचून दोन भोकं पाडली की झाले डोळे.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा बाजारातली महाग साधनं बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे, गावात मिळेल ते वापरलं, आणि पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हंजे शाळाच गुरांच्या मागं गेली. आता मोबाईलवर हजार क्राफ्ट मिळतात, कागदी प्लेटचं पांढरं अस्वल, पेंग्विन, जिराफ. दिसतात छान, पण पोरानं तो प्राणी बघितलेलाच नसतो त्यामुळं ते नुसतं दुसऱ्याचं चित्र चिकटवतं.

पुढच्या रविवारी मुंग्या. पायरीवर चिमूटभर साखर ठेवायची, बघायचं, मग मातीच्या तीन गोळ्या आणि सहाही पाय मधल्या गोळीला, तिथंच असतात ते. आणि सुट्टीत दाजीपूरच्या अभयारण्यात जायचंय गवा बघायला, लोक बायसन म्हणतात त्याला पण बायसन वेगळा, गवा आपल्या गाईगुरांच्या जवळचा. काळ्या कागदाचा गवा आणि गुडघ्याखाली चारी पायांना पांढऱ्या खडूचे मोजे.

विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावणी अमावस्येला असतो, आपल्याकडचा बैलांचा सण म्हंजे बेंदूर, तो त्याच्या आधीच आषाढात, तेव्हा मातीचे बैल विकत न आणता घरीच करू म्हणतेय, ह्या वेळी वशिंड कुठं असतं ते आधी बघून.

म्हशी बालवाडीतनं परत आल्या, लेकीच्या म्हशीचं एक शिंग दप्तरात मोडलं होतं, तिनं स्वतःच ओरखडे काढले, पातळ चिखल लावला आणि बसवलं. रंग मात्र लावू देईना. दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून मिरवणूक काढतात हे तिला मामांनी सांगितलंय, त्यांची शिंगं कुठल्या रंगाची असतात ते बघून आल्यावरच ती रंगवणार आहे. तोपर्यंत दोन्ही म्हशी खिडकीत आहेत आणि रोज सकाळी त्यांच्यापुढं कोथिंबिरीची एक काडी पडते.