गुलाबावरचा लाल कोळी: परभक्षी कोळी सोडल्यानंतरची नोंद

मार्चअखेर. रंकाळ्याजवळची आमची गच्ची तापली की लाल कोळी ठरलेला. ग्लॅडिएटर गुलाबाची खालची पानं राखट झाली, पानामागे बारीक जाळी. कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा जीव. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही आणि पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारलं की त्याला खाणारेच आधी मरतात, मग तो जास्तच माजतो. म्हणून यंदा फवारणी बंद, निंबोळी तेलसुद्धा.

करवीर तालुक्यात पाहुण्यांच्या मळ्यात बिनफवारणीचा घेवडा होता. लाल कोळ्याला खाणारे परभक्षी कोळी शोधायला त्याची कोळी लागलेली पानं दहापट भिंगाखाली धरली. लाल कोळी जागच्या जागी बसून रस शोषतो, अंगावर दोन काळसर डाग. परभक्षी मात्र चकचकीत, पिवळट-नारिंगी आणि सारखा पळता. अंड्यांतही फरक: कोळ्याचं गोल, परभक्षीचं लांबट आणि जरा मोठं. जात भिंगातून ठरत नाही, पण आपल्याकडे सर्रास सापडतो तो निओसेयुलस लॉन्जिस्पिनोसस. परदेशात फायटोसेयुलस पर्सिमिलिस या दुसऱ्या परभक्षी कोळ्याचं नाव मोठं, पण तिशीच्या वर पारा आणि कोरडी हवा त्याला झेपत नाही. आपल्या एप्रिलला आपलाच बरा.

एप्रिल. ऊन उतरल्यावर ती पानं गुलाबाच्या फांद्यांना अडकवली. पान सुकू लागलं की परभक्षी आपसूक गुलाबावर जातो. त्याला पंख नाहीत, चालतच जायचं, म्हणून पानाला पान लागेल अशा कुंड्या सरकवल्या. दुपारी खालची फरशी भिजवतो. पाण्याचा जोरदार फवारा मात्र नाही, त्यात परभक्षीही वाहून जातात.

पुढच्या पाहणीत जाळीत सुरकुतलेल्या, रिकाम्या कातड्या दिसल्या. एक परभक्षी गोल अंड्याला तोंड लावून बसला होता, अंडं डोळ्यांदेखत चपटं झालं. फार आनंद झाला! टाकीमागच्या एकट्या कुंडीवर मात्र काहीच फरक नव्हता, तिलाही घोळक्यात आणली.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर नवी फूट स्वच्छ आहे. जुनी राखट पानं परत हिरवी होत नाहीत. ती बघून घाबरू नका, औषधाची बाटली उघडू नका, कोवळी पानं उलटून बघा.

आता गुलाबांच्या मधोमध घेवड्याच्या दोन कुंड्या लावल्यात. त्यांच्यावर थोडा कोळी राहू देणार, परभक्षींना खायला हवं.